अठरा मुलं, पंचवीस पत्ते

अतींद्रिय शक्ती असलेली मुलं, त्यांना डांबून ठेवणारी एक निनावी संस्था आणि तिथून निसटलेलं एक पोर. रहस्यकादंबरीचा हा साचा वाचकाला पाठ आहे. मराठीत तो बेतायला घेतला तेव्हा पहिल्या खर्ड्यात आमच्याकडून दोन्ही मापं चुकली. शक्ती भलतीच मोठी झाली आणि संस्था भलतीच हवेतली. एक मुलगी नुसत्या नजरेनं जीप उलटी करायची, पण तिला दोन वेळा जेवायला कोण वाढतं, तांदूळ कुठून येतो, हे पन्नास पानांत कुठेही नव्हतं. जी जीप उलटवते तिला कडी लावून ठेवणार कशी? हा प्रश्न वाचक तिसऱ्या प्रकरणात विचारतो आणि पुस्तक मिटून ठेवतो.

दुसऱ्या खर्ड्यात उलट केलं. शक्ती छोटी, मोजल्याशिवाय कळू नये इतकी छोटी. संस्था मोठी, किराण्याच्या यादीसकट.

छोटी म्हणजे किती, याचा आकडा आयता मिळाला. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायनातल्या ड्यूक विद्यापीठात जे. बी. ऱ्हाइन यांनी १९३०च्या दशकात न बघता पत्ते ओळखण्याचे प्रयोग केले. पत्त्यांची चिन्हं त्यांचे सहकारी कार्ल झेनर यांनी ठरवली होती: वर्तुळ, अधिक, तीन नागमोडी रेषा, चौकोन आणि चांदणी. प्रत्येक चिन्ह पाच वेळा, एकूण पत्ते २५. नुसत्या अंदाजानं पंचविसात सरासरी पाच बरोबर येतात. १९३३-३४ साली ह्युबर्ट पिअर्स नावाच्या विद्यार्थ्यानं दुसऱ्या इमारतीत बसून १८५० पत्ते सांगितले, त्यातले ५५८ बरोबर निघाले. अंदाजानं ३७० यायला हवे होते. पुढे हॅन्सेल या टीकाकारानं दाखवलं की पिअर्सवर तिकडे कुणाचंच लक्ष नव्हतं. तो उठून आला असता आणि दारावरच्या झडपेतून डोकावला असता तरी कुणाला कळलं नसतं. प्रयोग खरा की खोटा हा वाद बाजूला ठेवला. आम्हाला माप मिळालं: अंदाजाचे २० टक्के, शक्तीचे ३० टक्के. आमच्या कादंबरीतलं सगळ्यात ताकदवान मूल पंचविसात पाचाऐवजी साडेसात पत्ते ओळखतं. बस्स, एवढंच.

चाचणीचं प्रकरण लिहायच्या आधी पत्ते हातानं करून पाहिले. ते केलं नसतं तर अर्धं कथानक हाती लागलं नसतं. पहिला गठ्ठा ड्रॉइंग शीटचा, चिन्हं स्केचपेननं काढलेली. ट्यूबलाइटकडे धरला की चांदणीची टोकं मागून दिसत. जुन्या छापील पत्त्यांवरही हाच आक्षेप होता, कागद पातळ. दुसऱ्या गठ्ठ्याला मागून काळा कागद डकवला, तर कडा वर-खाली झाल्या आणि तीन पत्ते नुसत्या कडेवरून ओळखू यायला लागले. तिसरा गठ्ठा ३०० जीएसएमच्या जाड कार्डशीटवर लेझर प्रिंटरनं छापून घेतला, सगळा एकदम गिलोटिनखाली कापला आणि एकेक पत्ता जाड खाकी पाकिटात घातला. तेव्हा कुठे मागून काही दिसेना.

दिसेना, पण ऐकू यायला लागलं. पत्ता बघणारा माणूस टेबलाच्या पलीकडे बसून चिन्ह कागदावर काढायचा, आणि पेन्सिलीचा आवाज ऐकून सांगता यायचं. अधिक म्हणजे दोन छोटे फटकारे, नागमोडी म्हणजे तीन लांब घसारे, वर्तुळ म्हणजे एक अखंड खरखर. चष्मेवाला माणूस बसवला तर काचेत पत्ता उमटायचा. म्हणून दोन खोल्या, मधलं दार बंद, दोघांसमोर एकेक घड्याळ, मिनिटाला दोन पत्ते, आणि पत्ता बघणाऱ्यानं हातात पेन्सिल धरायचीच नाही. क्रम आधीच लिहून मोहोरबंद केलेला. एक फेरी साडेबारा मिनिटांची. तिसऱ्या फेरीला मोठ्या माणसालाही कंटाळा येतो, दहा वर्षांच्या मुलाचं तर विचारूच नका. गुण उत्तरोत्तर घसरतात ही तक्रार ऱ्हाइनच्या नोंदींमध्येही आहे.

सगळ्यात मोठी फट मात्र कागदात नाही, पत्त्यांच्या संख्येत आहे. प्रत्येक चिन्ह पाचच वेळा येतं हे ठाऊक असलं आणि दर उत्तरानंतर पत्ता उघडून दाखवला, तर मूल मोजत बसतं. चांदण्या पाचही गेल्या, आता चांदणी म्हणायची नाही. नीट मोजणाऱ्याला अशा फेरीत सरासरी साडेआठच्या वर मिळतात. शक्ती शून्य, तरी आमच्या खऱ्या मुलापेक्षा जास्त. कादंबरीतली शिष्यवृत्तीच्या वर्गातली मुलगी इथून जन्माला आली. तिला कुणाच्याही मनातलं काही ऐकू येत नाही, तिचा हिशेब पक्का आहे. उपाय साधा असतो: गठ्ठा पिसायचा नाही, क्रम फाशानं काढायचा. एक ते पाच म्हणजे पाच चिन्हं, सहा पडला की पुन्हा टाकायचं. मग एखादं चिन्ह आठदाही येऊ शकतं आणि मोजून काही हाती लागत नाही. आमची संस्था हे करत नाही, कारण तिच्या साहेबांना चाचणी झटपट हवी आहे.

आता ही मुलं संस्थेला सापडतात कशी? जत्रेतून उचलतात, रात्री व्हॅन येते, हे सगळं घिसंपिटं. आम्ही शाळेत ‘एकाग्रता चाचणी’ घातली. एक तासिका, पंचवीस गोल, शिष्यवृत्ती परीक्षेसारखे काळे करायचे. मुख्याध्यापक सही देतात, पालकांना वाटतं काहीतरी चांगलं चाललंय. डोळ्यांना पट्टी बांधून वाचायला शिकवणाऱ्या ‘मिडब्रेन’ शिबिरांना पालक स्वतः हजारो रुपये भरत होते, हे आपल्याकडे फार जुनं झालेलं नाही. त्या पट्टीची गंमत नाकापाशी असते. नाकाच्या दोन्ही बाजूंना फट राहते आणि मूल मान किंचित वर करून खाली बघतं. पुस्तक मांडीवर असेल तोवर घडाघडा वाचतं, पुस्तक कपाळाच्या उंचीला धरलं की शक्ती संपते. तेव्हा मुलाला पळवायची गरजच नाही, आईबापच हात धरून आणून सोडतात.

वर्गभर चाचणी घेताना आणखी एक घोळ होतो. सगळ्या वर्गाला एकच क्रम दिला तर चाळीस मुलांचे गुण एकमेकांपासून सुटे राहत नाहीत. लागोपाठ तेच चिन्ह भरायला बहुतेक मुलं कचरतात, आवडीची चिन्हंही सारखीच असतात. नेमका तो क्रम मुलांच्या सवयीशी जुळला तर एका वर्गातून दहाजण हुशार निघतात, नाही जुळला तर एकही नाही. पहिल्या खर्ड्यात एकाच शाळेतली पाच मुलं ‘शक्तिमान’ निघाली होती. ती आमची चूक होती. आता ती संस्थेच्या एका शास्त्रज्ञाची चूक आहे आणि त्यावरून त्याची बदली होते.

मग कागद-पेन घेऊन हिशेब केला, आणि कादंबरी बदलली ती तिथे. समजा हजार मुलांची एकेक फेरी घेतली, प्रत्येकाला वेगळा क्रम देऊन, आणि दहा किंवा जास्त बरोबर आलेली मुलं निवडायची ठरवलं. नुसत्या योगायोगानं दहा गाठण्याची शक्यता १.७३ टक्के. हजारात सतरा मुलं काहीही शक्ती नसताना निवडली जाणार. आता खरी शक्ती असलेलं, ३० टक्केवालं मूल घ्या. त्याला तरी दहा मिळतात का? पाचात एकदाही धड नाही, सुमारे १९ टक्के. म्हणजे हजारात अशी पाच मुलं असली तर चार हातची जाणार आणि एक सापडणार. सतरा अधिक एक, अठरा.

संस्थेच्या खोल्यांमध्ये अठरा मुलं आहेत आणि त्यातली सतरा अगदी तुमच्याआमच्या घरातल्यासारखी साधी आहेत. हे संस्थेला कळतं कधी? आणल्यानंतर. प्रत्येकाच्या सहा फेऱ्या घेतल्या की १५० पत्ते होतात. अंदाजाचे ३०, शक्तीचे ४५. एवढं अंतर सहसा लपत नाही, दोन दिवसांत चित्र स्पष्ट होतं. पण आता त्या सतराजणांना परत पाठवता येत नाही, कारण त्यांनी इमारत पाहिली आहे. खलनायकाला क्रूर करायला आम्ही चार प्रकरणं घालवली होती, ती सगळी काढून टाकली. दुसऱ्या फेरीच्या निकालाचा एक तक्ता आणि त्याखाली ‘पुढील कार्यवाहीसाठी सादर’ एवढा शेरा पुरला.

मुलं फसवतात, हेही लक्षात ठेवावं लागतं. १९७५ साली बाथ विद्यापीठात चमचे वाकवणाऱ्या सहा मुलांची चाचणी झाली. खोलीत एक निरीक्षक होता, एकतर्फी आरशामागे आणखी काही. खोलीतल्या निरीक्षकानं थोड्या वेळानं लक्ष ढिलं सोडायचं, असं ठरलं होतं. सहापैकी पाच मुलं फसवताना दिसली: कुणी सळी पायाखाली दाबून वाकवली, कुणी दोन्ही हातांनी, कुणी हात टेबलाखाली नेऊन. अमेरिकेत सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठातल्या प्रयोगशाळेत तर जेम्स रँडी या जादूगारानं दोन तरुण पोरं मुद्दाम पेरली होती. १९७९पासून तीनेक वर्षं ती पोरं शास्त्रज्ञांना चकवत राहिली. चमच्यांना दोऱ्यानं बांधलेल्या चिठ्ठ्यांची अदलाबदल, इतक्या साध्या युक्त्यांनी. आमच्या कादंबरीत या सतरांपुढे एकच वाट उरते: शक्ती आहे असं भासवत राहायचं. खरं असलेलं मूल बाकीच्यांना उत्तरं कशी पोचवतं, हा मधल्या शंभर पानांचा कणा. कप किती वेळा खाली ठेवला, खोकला कधी आला, ओळीत कोण कुठे उभं राहिलं.

इमारतीसाठी जागा शोधताना जुना वाडा, पडका किल्ला, सगळं झालं. तिथे वीज नाही, पाणी नाही, आणि दर रविवारी ट्रेकवाले येतात. शेवटी धरणाची वसाहत घेतली. धरणाचं काम चालू असताना पाटबंधारे खात्यानं बांधलेली क्वार्टर्स, दवाखाना, कार्यालय. काम संपलं की ओस. महाराष्ट्रात अशा वसाहती किती तरी आहेत. स्वतःची पाण्याची टाकी, स्वतःचं विजेचं रोहित्र, फाटकावर ‘प्रवेश निषिद्ध’ आधीच रंगवलेलं. गावकऱ्यांना तिथे सरकारी गाडी दिसली तर नवल वाटत नाही.

पण घाटमाथा घेतला की पाऊस आला. जुलैत तिथे कपडा चार-चार दिवस वाळत नाही. अठरा मुलांचे रोजचे दोन जोड म्हणजे छत्तीस ओले कपडे, चादरी वेगळ्या. वाळवणीची खोली हवी, तिच्यात हीटर हवेत, नाहीतर पंधरा दिवसांत निम्म्या मुलांच्या जांघेत नायटा. पहिल्या खर्ड्यात मुलं पांढऱ्याशुभ्र गणवेशात फिरत होती. आता त्यांच्या कपड्यांना कुबट वास येतो, आणि मुलं परत आली तेव्हा आईला पहिल्यांदा जाणवतो तो हाच वास.

पहारा हा आणखी एक फसवा भाग. ‘फाटकावर एक पहारेकरी’ असं लेखक सहज लिहून जातो. एक जागा दिवसरात्र भरायची म्हणजे आठवड्याला १६८ तास. एक माणूस ४८ तास काम करतो, म्हणजे साडेतीन माणसं. रजा-आजारपण धरून चार. फाटक, बोळ आणि मागची बाजू, तीन जागांना बारा माणसं. दोन स्वयंपाकी, परिचारिका, डॉक्टर, ड्रायव्हर, साहेब. अठरा मुलांमागे अठरा मोठी माणसं होतात. बारा पहारेकऱ्यांपैकी एकाचंही घरी भांडण नाही, कुणी पीत नाही, गणपतीला सुट्टी मागत नाही, हे शक्य नाही. पळून जायची रात्र आम्ही गौरी-गणपतीत घातली ती त्यासाठी. कोकणातली चार माणसं रजेवर, उरलेले दुप्पट पाळीत, मागच्या बोळातला पहाटे तीनला झोपलेला.

किराण्याचा हिशेब तर करायलाच हवा. बालगृहांसाठी बालन्याय नियमांमध्ये आहाराचा तक्ता आहे: मुलाला रोज धान्य ६०० ग्रॅम, डाळ १२० ग्रॅम. अठरा मुलांना महिन्याला धान्य ३२४ किलो, म्हणजे पन्नास किलोच्या साडेसहा गोणी. डाळ ६५ किलोच्या आसपास. वरून अठरा मोठ्यांचं. तालुक्याच्या बाजारात कुणाच्याही लक्षात येईल अशी ही खरेदी आहे. वसाहतीत ‘सहा कर्मचारी राहतात’ असं कागदावर आहे, आणि दुकानदार दर पंधरवड्याला पिकअपमध्ये गोणी चढवतो. शोध घेणारा माणूस पोलीस नाही, पत्रकार नाही. तो दुकानदाराचा हिशेबनीस आहे, त्याला फक्त दुधाच्या पिशव्या जास्त वाटतात.

बिलांवरून भांडं फुटणं वाचकाला खरं वाटेल का, अशी शंका होती. अमेरिकेच्या गुप्तहेर खात्याचा एमके-अल्ट्रा प्रकल्प तसाच उघडा पडला. १९५३ला सुरू झालेल्या या प्रकल्पात माणसांवर, अनेकदा त्यांना न सांगता, औषधांचे प्रयोग झाले. १९७३मध्ये संचालक रिचर्ड हेल्म्स यांच्या हुकमावरून फायली नष्ट केल्या गेल्या. पण १९७७मध्ये सुमारे २० हजार कागदपत्रं सापडली. ती वाचली कारण ती हिशेबाच्या कागदांबरोबर भलत्या इमारतीत ठेवलेली होती. प्रयोगाची टिपणं गेली, पावत्या राहिल्या.

कायद्याचं थोडक्यात. १० मे २०१३च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर हरवलेल्या मुलाची तक्रार आली की गुन्हा नोंदवावाच लागतो, अपहरण गृहीत धरून. ‘दोन दिवस वाट बघा’ म्हणणारा हवालदार २०१३नंतरच्या कथेत दाखवायचा तर तो नियम मोडतोय हेही दाखवा. चार महिन्यांत मूल सापडलं नाही तर तपास मानवी तस्करीविरोधी पथकाकडे जातो. म्हणून आमच्या संस्थेचं घड्याळ चार महिन्यांचं आहे, आणि मुलं वेगवेगळ्या जिल्ह्यांतली आहेत. एका तालुक्यातली तीन मुलं गेली असती तर बोंब महिन्यातच उठली असती.

वेगवेगळ्या जिल्ह्यांमुळे लिहिण्याची खरी अडचण उभी राहिली. धुळ्याचा मुलगा अहिराणीत विचार करतो, सावंतवाडीची मुलगी मालवणीत, तिसरा भिलीत. एकाच्या मनातलं दुसऱ्याला ऐकू आलं तर कुठल्या भाषेत? सगळे पुणेरी प्रमाण मराठीत विचार करतात असं लिहिलं की पान मरतं. दोन महिने घासाघीस करून ठरवलं, शब्द पोचत नाहीत. वास, चव आणि चित्र पोचतं. मालवणी मुलगी ‘माका भूक लागली’ असं पाठवत नाही. धुळ्याच्या मुलाला अचानक तोंडात कधी न खाल्लेल्या तिरफळाची झणझण जाणवते आणि तो रडायला लागतो.

आणि हे छापायचं कसं? इंग्रजी पुस्तकात मनातलं बोलणं तिरक्या अक्षरात येतं. देवनागरीच्या बहुतेक टंकांना खरा तिरका अवतारच नाही. संगणक सरळ अक्षरच ढकलून तिरकं करतो, मग वेलांटी शेजारच्या अक्षरावर कलंडते आणि रफार भलत्याच जागी जातो. ठळक करून पाहिलं, तर पान ओरडतंय असं वाटलं. कंसात घातलं तर नाटकाच्या संहितेसारखं झालं. शेवटी अवतरणचिन्हं काढली, वर-खाली एकेक ओळ मोकळी सोडली आणि वाक्यात क्रियापदच ठेवलं नाही. ‘तिरफळ. ओला नारळ. चुलीचा धूर.’ मुद्रितशोधकानं पहिल्या प्रुफात तिन्ही ठिकाणी क्रियापद घालून दिलं होतं.

सुटकेसाठी हेलिकॉप्टर नको होतं. घाटमाथ्यावरच्या शेवटच्या गावात मुक्कामी एसटी असते. रात्री येते, ड्रायव्हर-कंडक्टर देवळात नाहीतर गाडीतच झोपतात, पहाटे पहिली गाडी म्हणून ती तालुक्याला निघते. ती चुकली तर पुढची थेट दहाला. चिखलातून, अंधारात, बारा-एक वर्षांचं पोर तासाला दोन किलोमीटरच्या वर चालत नाही. वसाहत ते गाव पाच किलोमीटर धरलं, निघाला तीनला, गाडी पावणेसहाला. पंधरा मिनिटं उरतात आणि त्यातली दहा जळवा काढण्यात जातात.

पहिल्या खर्ड्यात पळणारी मुलगी होती. पण मार्च २०२३पासून एसटीत बायकांना सरसकट अर्धं तिकीट, म्हणजे कंडक्टर तिला वय विचारणारच नाही, आणि आम्हाला तो प्रश्न हवा होता. म्हणून मुलगा केला. पाच ते बारा वर्षं अर्धं, पुढे पूर्ण. त्याला आत नेलं तेव्हा तो अकरा वर्षांचा होता, आत कॅलेंडर नव्हतं.

“कुठं जायचं रं?”

“तालुक्याला, मास्तर.”

“एकटाच? बरं. बारा झाली का तुला?”

“आज तारीख किती?”

कंडक्टरचा अंगठा तिकिटाच्या मशीनवर तसाच थांबतो.